फोनची किंमत आणि फोनचा खर्च

सातारा-सांगलीकडच्या साध्या घरांत खर्चाची वही लिहिण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे. किराणा, दूध, गिरणी, औषधपाणी, मुलांची फी, एस्‌टीचा पास, हीं नेहमींचीं खातीं त्या वहींत असतात. गेल्या दहा वर्षांत त्यांत एका नव्या खात्याची भर पडली आहे. तें खातें म्हणजे फोनचें. मौज अशी कीं, मीठ-मिरचीचा पैपैचा हिशेब ठेवणारा गृहस्थ या खात्यावर मात्र सहसा कांहींच लिहीत नाहीं. दोनशें नव्व्याण्णव रुपयांचा रिचार्ज केला, तो किरकोळींत गेला. फोन घेतला, तो दिवाळीच्या खर्चांत गेला. जी रक्कम एका जागीं लिहिली जात नाहीं, तिची बेरीज होत नाहीं. आणि जिची बेरीज होत नाहीं, ती फार आहे कीं थोडी, हें कोणास कळतहि नाहीं.

फोन ही चैनीची वस्तु आहे, नसली तरी चालेल, असें म्हणून आतां भागत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें व फोनवरूनच पिकाची नोंद करावी, अशी ती योजना आहे. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणींच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये जमा होऊं लागले, आणि २०२५ सालीं त्यांची ओळख पडताळण्याची वेळ आली तेव्हां आधारशीं जोडलेल्या फोनवर ओटीपी येणें अवश्य ठरलें. बँकेंतून पैसे काढले तरी त्याची वर्दी फोनवर, महाविद्यालयाचें वेळापत्रक फोनवर, आणि गॅसची टाकी आल्याचा निरोपहि फोनवरच. तेव्हां प्रश्न फोन ठेवावा कीं नाहीं हा नसून, बेताच्या मिळकतींत तो कसा ठेवावा, हा आहे.

ही निकड जितकी नवी, तितकीच तिची स्वस्ताईहि नवी होती. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं संभाषण केलें. देशांतील मोबाइलवरील तें पहिलें बोलणें. त्या काळीं आलेला कॉल घेण्याचेहि पैसे पडत, आणि ती रीत २००३ सालीं सुटली. पुढें सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली व डेटाचे भाव एकाएकीं कोसळले. पाणी फुकट मिळूं लागलें म्हणजे नळ बंद करण्याची संवय मोडते, तसें लोकांचें झालें. आणि संवय पुरती मोडल्यावर, जुलै २०२४ मध्यें, तिन्ही खासगी कंपन्यांनीं आपले दर वाढविले. जिओचा रोज दीड जीबी डेटाचा, २८ दिवसांचा रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. जुन्या भाषेंत सांगावयाचें तर रुपयामागें चार आण्यांची वाढ झाली. उसाच्या दरांत एवढी वाढ एका रात्रींत झाली असती, तर कृष्णाकांठीं साखर वांटली गेली असती.

हा हिशेब हवेंत करण्यापेक्षां एखादें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. कऱ्हाड तालुक्यांत नदीकांठीं गांव आहे. दीड एकर ऊस आणि दोन म्हशी आहेत. घरांत चार माणसें: आबा, त्यांची पत्नी, त्यांची वृद्ध आई, आणि कऱ्हाडच्या महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास असलेली मुलगी. थोरला मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत कामाला असून सांगलीस खोली घेऊन राहतो. त्याचा खर्च त्याचा तो पाहतो. घरांत स्मार्टफोन एकच, तो आबांचा. रात्रीं नऊनंतर तो मुलीच्या हातीं येतो, आणि तेवढ्यांत तिनें दिवसभराचे पाठ, टिपणें व परीक्षेचे अर्ज उरकावयाचे. चारांनाहि वेगवेगळे नंबर आहेत, आणि चारींवर तोच २९९ चा रिचार्ज होतो. कारण गांवांतल्या दुकानदाराला ‘नेहमींचा मार’ एवढें सांगितलें कीं तो तोच करतो. अशांत एके दिवशीं गोठ्यांत म्हशीच्या पायाखालीं तो एकुलता एक स्मार्टफोन सांपडला. नवा घेणें भाग पडलें, आणि म्हणूनच या घरांत हा हिशेब प्रथम मांडला गेला.

मर्यादा अशी ठरली कीं, महिन्याला हजार रुपयांपलीकडे फोनच्या खात्यावर जाऊं द्यावयाचे नाहींत. आणि त्या हजारांतच नव्या फोनची किंमतहि बसली पाहिजे.

आतां प्रथम रिचार्जकडे पाहूं. सर्वांत मोठी चूक ‘महिना’ या शब्दांत आहे. २८ दिवसांचा रिचार्ज हा महिन्याचा रिचार्ज नव्हे. वर्षाच्या ३६५ दिवसांस २८ नें भागिलें तर तेरा येतात. म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षांत रिचार्ज मात्र तेरा. हा तेरावा रिचार्ज कोणाच्याहि मनांत धरलेला नसतो. अधिक मासाप्रमाणें तो मध्येंच उगवतो, आणि अधिक मास निदान तीन वर्षांनीं येतो, हा दरसाल येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें जानेवारी २०२२ मध्यें असा हुकूम काढला कीं, प्रत्येक कंपनीनें ३० दिवसांचा, आणि दर महिन्याच्या ठराविक तारखेस नवा करतां येईल असाहि, एकेक तरी रिचार्ज ठेवावा. तो मागितला तर मिळतो. दुकानांतल्या फलकावर ठळकपणें लिहिलेला मात्र क्वचितच आढळतो.

२९९ रुपये तेरा वेळां म्हणजे ३,८८७ रुपये. चार नंबरांचे झाले १५,५४८; महिन्याला जवळ जवळ १,२९६. आबांच्या पत्नीच्या खात्यांत सरकारकडून जे दीड हजार येतात, त्यांतले अवघे दोनशें चार शिल्लक राहतात. बाकीचे, एका दारानें आले ते दुसऱ्या दारानें गेले. आणि यांत अजून फोनची किंमत धरलेलीच नाहीं.

रिचार्जची पारख करण्यास एकच माप पुरतें: दिवसाचा भाव. रकमेस दिवसांनीं भागावें. २९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला दहा रुपये अडुसष्ट पैसे. तोच रोजचा दीड जीबी ८४ दिवसांसाठीं घेतला, तर जुलै २०२४ च्या जिओच्या दरपत्रकांत त्यास ७९९ रुपये पडत. म्हणजे दिवसाला साडेनऊ रुपये. वर्षाकांठीं सव्वाचारशें रुपयांचा फरक पडतो. वस्तु तीच, टॉवर तोच, फक्त माप मोठें. घाऊक आणि किरकोळ यांतला हा भेद मार्केट यार्डांत गूळ किंवा हळद घातलेल्या माणसास नव्यानें शिकवावा लागूं नये. पण फोनच्या दुकानांत तो कां कोण जाणे विसरला जातो.

याहून मोठी बचत मात्र दुसरीकडे आहे. घरांतील चारांपैकीं डेटा खरोखर कोणास लागतो? आजींच्या हातांत कीपॅडचा साधा फोन. त्या मुलीचा आवाज ऐकतात, भावाची चौकशी करतात, आणि लाल बटन दाबून फोन फडताळांत ठेवतात. रोजच्या दीड जीबीपैकीं एक कणहि त्यांच्या उपयोगास येत नाहीं. त्या फोनला तो घेतांच येत नाहीं. तरी पैसे त्यांचेहि जात होते. अशा ग्राहकांसाठीं प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें नियम दुरुस्त केले व केवळ बोलणें आणि एस्‌एम्‌एस्‌ यांचे वेगळे रिचार्ज ठेवण्याची सक्ति कंपन्यांवर केली. त्यांची मुदतहि ९० दिवसांऐवजीं ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यास मोकळीक दिली. त्याप्रमाणें जानेवारी २०२५ मध्यें एअरटेलनें वर्षाचा असा रिचार्ज १,८४९ रुपयांस ठेवला. दिवसाचा भाव काढला, तर पांच रुपये सात पैसे; म्हणजे निम्म्याहूनहि कमी. दर पुढें-मागें बदलतील, बदलतातहि. भागाकार बदलत नाहीं.

कीपॅड फोनच्या बाबतींत एक खांचखळगा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जिओचें जाळें ४जी व ५जीचें आहे. जुन्या २जी फोनमध्यें तें सिम चालत नाहीं, त्यास ४जीचा कीपॅड फोन लागतो. एअरटेल, व्ही आणि बीएस्‌एन्‌एल्‌ यांचीं सिमें जुन्या फोनांत चालतात. आणि जुना फोन म्हणून त्यास हिणवूंहि नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत सांगली शहराच्या पेठांत व कृष्णा-वारणेच्या कांठच्या गांवांत पाणी शिरलें, वीज गेली, तेव्हां रोज चार्जिंग मागणारे फोन लवकरच मुके झाले. एकदां चार्ज केला कीं आठवडाभर टिकणारा फोन अशा वेळीं नातलगांना ठावठिकाणा कळविण्यास उपयोगी पडतो. नदीकांठच्या घरांत असा एक फोन असलेला बरा.

आजींचें ठरविणें सोपें होतें. खरा प्रश्न आबांचा होता. कमावणारा पुरुष, घरचा कर्ता, तेव्हां चांगला फोन आणि डेटा त्याच्याकडे, असें बहुतेक घरांतून गृहीतच धरलेलें असतें. त्यांत कोणाचा दुष्टावा असतो असें नव्हे. पण गरज आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वहींत एकाच खात्यावर लिहिल्या म्हणजे गरज मागें पडते. आबांचा दिवस शेतांत व गोठ्यांत जातो. त्यांना लागतात कॉल, बँकेचे निरोप आणि ओटीपी. हे सर्व डेटावांचून, साध्या एस्‌एम्‌एस्‌नें येतें. पिकाची नोंद करावयाची ती वर्षांतून दोन-तीन वेळां. एकाच फोनवरून एकापेक्षां अधिक खातेदारांची नोंद करतां येते. उलट मुलीचा अभ्यास रोजचा. हा ताळा मुलानें सांगलीहून फोनवर मांडला, तेव्हां आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग मला आजीसारखाच डबडा फोन घ्या म्हणा कीं!” त्यावर आजी आंतून म्हणाल्या, “डबडा कशाला म्हणतोस रे? पांच वर्षं झालीं, एकदां दुरुस्तीला गेलेला नाहीं.”

तेव्हां आबा, त्यांची पत्नी व आजी यांचे तीन नंबर बोलण्यापुरते, वर्षाचे ५,५४७. मुलीचा ८४ दिवसांचा रिचार्ज; वर्षभराचा हिशेब सुमारें ३,४७२. एकूण ९,०१९, म्हणजे महिन्याला ७५२. संध्याकाळीं मुलगी घरीं आली कीं तिच्या फोनच्या हॉटस्पॉटवर आईनें मुलाचें तोंड पाहावें किंवा बचतगटाचे निरोप वाचावेत. यासाठीं आईला मुलाच्या जुन्या फोनचा आधार मिळाला. त्याचा कोपरा तडकलेला होता, पण तोंड पाहण्यास तेवढा पुरला.

या हिशेबांत एक अडचण आहे आणि ती लहान नाहीं. वर्षाचा रिचार्ज स्वस्त खरा, पण १,८४९ रुपये एकदम हातांत असावे लागतात. आठवड्याच्या बाजारच्या दिवशीं ज्याची मजुरी हातीं येते, त्यास हें कसें साधावें? गरिबानें तेल पावशेर पावशेर घ्यावें व शेवटीं श्रीमंतापेक्षां महाग घ्यावें, हा जुनाच न्याय येथेंहि आहे. यास उपाय पूर्ण नाहीं, पण कांहीं आहे. उसाचें बिल ज्या वेळीं जमा होतें, त्याच वेळीं वर्षाचे रिचार्ज उरकावेत. शेतकऱ्याची मिळकत वर्षाची आहे, तर त्याचा खर्चहि वर्षाचा असणें सोयीचें. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयाचे असतात. मिळाले तर त्या पंधरवड्यांतच, नाहीं तर मिळतील त्या दिवशीं. ज्या घरांत ऊस नाहीं तेथें बचतगट आहे. गटांतून दोन हजार उचलून दहा हप्त्यांनीं फेडणें हें तेरा वेळां २९९ भरण्यापेक्षां, व्याज धरूनहि, हलकें पडतें. पगारदारास मात्र ८४ दिवसांचा मधला मार्गच बरा. आणि एक सावधगिरी: वर्षाचे पैसे भरल्यावर कंपनी बदलली तर उरलेली मुदत बुडते. म्हणून नव्या कंपनीचें सिम प्रथम २८ दिवसांच्या लहान रिचार्जवर घरीं, शेतांत व वाटेवर पारखून पाहावें, मगच वर्षाची रक्कम द्यावी.

मुलीस दीड जीबी पुरेल काय, ही शंका येथें येते. साध्या दर्जाच्या चित्रांत तासभराचा पाठ पाहिला, तर अर्ध्यापासून पाऊण जीबीपर्यंत डेटा लागतो. तोच उंची दर्जांत ठेवला तर त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक. केवळ ऐकणें अगदीं स्वस्त, आणि लिखित निरोप तर नगण्य. म्हणजे दोन तासांचा अभ्यास दीड जीबींत आरामांत बसतो. बसत नाहीं तें दुसरेंच: आपोआप सुरू होणारीं चित्रें, आणि एकामागून एक येणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या करमणुकी. ज्या घरांत दोन जीबीहि पुरत नाहीं, तेथें रिचार्ज वाढविण्यापूर्वीं फोनच्या सेटिंगमध्यें जाऊन कोणत्या ॲपनें किती डेटा खाल्ला, तें एकदां वाचावें. वाण्याची चिठ्ठी वाचावी तसें तें वाचतां येतें.

या बाबतींत सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्याच्या मोहित्यांचें वडगांव या गांवानें २०२२ सालीं एक प्रयोग केला व त्याची देशभर चर्चा झाली. करोनाच्या टाळेबंदींत मुलांच्या हातीं अभ्यासासाठीं फोन आले, शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. तेव्हां त्या वर्षींच्या स्वातंत्र्यदिनापासून ग्रामपंचायतीनें संध्याकाळीं सात वाजतां मंदिरावरचा भोंगा वाजविण्यास सुरवात केली. भोंगा झाला कीं दूरदर्शन बंद, फोन बंद. मुलांनीं पुस्तक उघडावयाचें व मोठ्यांनीं एकमेकांशीं बोलावयाचें. साडेआठ वाजतां दुसरा भोंगा. आरंभीं लोक हंसले. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. तो प्रयोग मुलांच्या अभ्यासासाठीं होता, पैसे वांचविण्यासाठीं नव्हे. पण ज्या घरांत रोज दीड तास पडदा काळा राहतो, त्या घरास कोणता रिचार्ज पुरेल, याचाहि अंदाज त्यावरून करतां येतो.

आतां फोन. घरच्यांनीं तो सांगलीस घ्यावयाचा ठरविला, कारण मुलगा तेथें होता. रविवारीं आबा व मुलगी रेल्वेनें आलीं आणि तिघें एका दुकानांत गेलीं. दुकानदारानें आदरानें बसविलें, चहा मागविला, आणि एक झगझगीत फोन पुढें ठेवला.

“आबा, हा घेऊन टाका. फाइव्ह-जी आहे, पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. साडेदहा हजाराचा माल. रोख नको, काय नको; आज एकवीसशें द्या, मग महिन्याला बाराशें, आठ हप्ते. दिवसाला चाळीस रुपये पडले. चहापाण्याचे समजा!”

आबांना तें पटूं लागलें होतें. मुलीनें विचारलें, “दादा, याचा पडदा फुटला तर केवढ्याला बसतो?”

दुकानदारानें चहाचा कप खालीं ठेवला.

हा एक प्रश्न फोनच्या दुकानांत पुष्कळ कांहीं उघडकीस आणतो. स्वस्त फोनाचा पडदा कधीं कधीं फोनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा महाग असतो, आणि कांहीं अप्रसिद्ध फोनांचा पडदा कोणत्याच किंमतीस मिळत नाहीं. ज्याची दुरुस्ती कऱ्हाडांत, साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या पेठांत होऊं शकते, तोच फोन खेड्यांतल्या माणसास परवडतो. पुणें-मुंबईस पाठवावा लागणारा फोन कितीहि स्वस्त असला तरी महाग.

हप्त्यांचा हिशेब तेथेंच कागदावर केला गेला. उधार राहिले ८,४००. परत करावयाचे ९,६००. वरचे बाराशें पाहिले तर आठ महिन्यांस फार वाटत नाहींत. पण दर महिन्यास मुद्दल घटत जातें, व्याज मात्र सुरुवातीपासून पुऱ्या रकमेवर धरलेलें असतें. बारकाईनें पाहिलें तर हा दर महिन्याला शेंकडा तीन पडतो. गांवांतला सावकार याच दरानें देत असे, आणि त्याला लोक नांवें ठेवीत. बिनव्याजी म्हणून जे हप्ते मिळतात, त्यांतहि प्रक्रिया-शुल्क किंवा रोखीची सूट न देणें अशा वाटेनें कांहीं ना कांहीं वसूल झालेलें असतें. रोखीस काय पडेल, हा प्रश्न विचारल्याशिवाय हप्त्याची खरी किंमत कळत नाहीं. मुलानें आपल्या बोनसमधून रोख रक्कम दिली आणि बहिणीच्या नांवानें ती वहींत उसनी लिहिण्यास सांगितलें.

फोन कोणता घ्यावा, हें त्याच्या किंमतीवरून ठरवूं नये. किती वर्षें टिकेल यावरून ठरवावें. सात हजारांचा फोन दोन वर्षांत जड झाला, तर तो महिन्याला २९२ रुपयांस पडला. साडेदहा हजारांचा चार वर्षें चालला, तर २१९ रुपयांस. टिकणें हें तीन-चार गोष्टींवर असतें. पहिली, साठवण. ६४ जीबीचा फोन यंत्रणेसच निम्म्याजवळ लागतो आणि उरलेला लग्नाच्या चित्रफितींनीं व सुप्रभातच्या फुलांनीं वर्षभरांत भरतो. १२८ जीबी असावी, आणि रॅम जमल्यास सहा जीबी, नपेक्षां चार. दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहींत: कारखानदार सुरक्षेचे अद्ययावत अंश किती वर्षें पुरविणार? ते थांबले कीं कांहीं काळानें बँकेचें ॲप चालेनासें होतें व धडधाकट फोन टाकून द्यावा लागतो. हें वर्षांचें वचन कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेलें असतें, तें दुकानांत बसूनच पाहावें. बॅटरी पांच हजारांची आतां बहुतेकांत असतेच. मेगापिक्सेलच्या आंकड्यांस मात्र भुलूं नये; पिकाची नोंद करण्यास आणि वहीच्या पानाचें छायाचित्र घेण्यास कोणताहि कॅमेरा पुरतो.

५जीबद्दल लोकांच्या मनांत पुष्कळ घोटाळा आहे. ही सेवा देशांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली, आणि ५जी फोन घेतला कीं अमर्याद डेटा फुकट, असें दुकानांतून सर्रास सांगण्यांत येऊं लागलें. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ व एअरटेल यांनीं ती सवलत रोज दोन जीबी किंवा अधिक डेटा देणाऱ्या रिचार्जपुरतीच ठेवली. म्हणजे दीड जीबीवाल्या मुलीस तिचा लाभ नाहीं. तथापि फोन चार वर्षें वापरावयाचा असेल, आणि ५जीसाठीं हजारापेक्षां अधिक मोजावे लागत नसतील, तर घ्यावा. त्याहून अधिक पडत असतील तर खुशाल सोडून द्यावा.

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे, पण फोनच्या दृष्टीनें एकच सल्ला दोहोंस लागू पडत नाहीं. मिरज-तासगांवच्या सपाटीवर कोणत्याहि कंपनीचा टॉवर दुरून दिसतो. जावळी, पाटण, महाबळेश्वर, किंवा सांगली जिल्ह्यांतील शिराळ्याचा पश्चिम भाग येथें डोंगराची एक सोंड आडवी आली कीं आवाज तुटतो. लहरींचा स्वभाव असा कीं, कमी कंपनसंख्येच्या लहरी दूर जातात व भिंती-झाडींतून पार होतात. अधिक कंपनसंख्येच्या वेगानें डेटा आणतात, पण लवकर थकतात. जिओ आपली ५जी सेवा ३५०० मेगाहर्ट्‌झबरोबर ७०० मेगाहर्ट्‌झवरहि देते. डोंगराळ भागांत जिओवर ५जी फोन घ्यावयाचा असेल, तर तो ७०० चा पट्टा, ज्यास २८ वा बँड म्हणतात, तो घेतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. बीएस्‌एन्‌एल्‌नें आपली स्वदेशी ४जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजीं देशभर जाहीर केली. जेथें तिचा टॉवर जवळ आहे तेथें तिचाहि विचार करावा. कोणत्या कंपनीची सेवा कोठें पोंचते, याचे नकाशे एप्रिल २०२५ पासून कंपन्यांनीं आपापल्या संकेतस्थळांवर मांडावयाचे, असें प्राधिकरणानें ठरवून दिलें आहे. पण नकाशावर हिरव्या रंगानें रंगविलेल्या घराच्या माजघरांतहि कधीं कधीं फोन लागत नाहीं. शेजाऱ्याचें सिम अर्धा तास मागून घेऊन आपल्याच ओसरीवर व आपल्याच विहिरीवर फोन लावून पाहणें, यासारखी परीक्षा नाहीं.

कंपनी बदलतांना नंबर बदलण्याचें कारण नाहीं. २० जानेवारी २०११ पासून तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनींत जातां येतें. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत व पुढें आपला नंबर लिहून १९०० वर पाठविला कीं सांकेतिक क्रमांक येतो. मात्र सध्यांच्या कंपनींत ९० दिवस झालेले असावेत. हें सांगण्याचें कारण असें कीं, स्वस्त सिमाच्या मोहानें पुष्कळ जण जुना नंबर टाकून देतात. तो नंबर आधारशीं, बँकेशीं, सात-बाराशीं जोडलेला असतो. न वापरतां बराच काळ पडून राहिला तर तो दुसऱ्या कोणास मिळूं शकतो, आणि मग आपले ओटीपी परक्याच्या खिशांत वाजूं लागतात. तो फेरफार करून घेण्यास तालुक्याच्या गांवीं जे हेलपाटे पडतात, त्यांचें एस्‌टीचें भाडेंच वर्षाच्या रिचार्जला खाऊन टाकतें.

जुना फोन विकत घेणाऱ्यानें तर आणखी एक दक्षता घ्यावी. फोनवर तारा, जाळी, शून्य-सहा, जाळी असें दाबलें कीं त्याचा पंधरा आंकडी आयएम्‌ईआय क्रमांक दिसतो. ‘केवायएम्‌’ हीं अक्षरें इंग्रजींत लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठविला, तर तो फोन खरा आहे कीं चोरीचा म्हणून बंद केलेला आहे, हें कळतें. मे २०२३ पासून केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरहि हीच सोय आहे. पावतीवांचून फोन देणाऱ्यापुढें हा क्रमांक पाठवूं लागलें, म्हणजे त्याची चर्या पाहावी.

वर सांगितलेल्या कुटुंबानें त्या रविवारीं पडद्याची किंमत सांगणाऱ्या, दुसऱ्या एका दुकानांतून फोन घेतला. चार वर्षांच्या हिशेबानें महिन्याला २१९, रिचार्जचे ७५२, एकूण ९७१ रुपये. हजारांतले एकोणतीस उरले, ते मुलीनें फोनच्या जाड कव्हरासाठीं बाजूस काढले. घरीं आल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत तिनें आपल्या रिचार्जच्या तारखा पेन्सिलीनें लिहिल्या, आणि तिघांच्या वर्षाच्या रिचार्जची तारीख उसाच्या बिलाच्या सुमारास टाकली. पीक पाहणीच्या दिवशीं ती बांधावर उभी राहून उसाचें छायाचित्र काढते. सांकेतिक क्रमांक मात्र येतो तो आबांच्या कीपॅड फोनवर, आणि तो वाचून दाखविण्यासाठीं आबा खिशांत चष्मा शोधूं लागतात.